तांबडा पुन्हा उकळला

९ मे

उकळला! भर पुळणीत, अख्ख्या हर्णेच्या देखत पुन्हा उकळला!

होडी अर्धी वर, अर्धी पाण्यात. मागून लाटा तिच्या बुडावर थडाथडा मारतायत आणि माझा तांबडा ट्रॅक्टर पुढे उभा — तोंडातून वाफ सोडत, हुक्का ओढणाऱ्या नवाबासारखा. इंजिन बंद केलं. दोराला माणसं लावली. सदू बिचारा होडीखाली ओंडके सारतो, इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे, त्यानं घाईत पायाचं नख फोडून घेतलं. आणि काशी तांडेल! कोणाची होडी कोणी वर ओढायची ते किनाऱ्यावर हा ठरवतो. कमरेवर हात ठेवून म्हणतो कसा, "रशीदशेठ, पाणी कमी पडलं काय? समोर एवढा दर्या आहे, ओता की!"

रेडिएटरात खारं पाणी! या माणसाला तांडेल कोणी केलं?

चौऱ्याहत्तरचं मॉडेल आहे, मान्य. पण मी मासळीच्या लिलावात डोक्यावरून बर्फाच्या लाद्या वाहायचो. कराडच्या उसवाल्याकडून हा ट्रॅक्टर घेतला, स्वतः चालवत कुंभार्ली घाटातून खाली आणला, आणि त्यानंतर लोक मला शेठ म्हणायला लागले. तांबड्याला नावं ठेवायची तर माझ्यासमोर ठेवू नयेत.

रिकामा फिरवा — दिवसभर गार. होडी लावली की ताप! एक जूनपासून मासेमारी बंद, आणि मोठ्या होड्या वर घ्यायच्या त्या पुनवेच्या उधाणाला. पाणी त्यांना जितकं वर आणून देईल तितकं ओढणं कमी. तोवर हा बरा झाला नाही तर—

होणार. न होऊन सांगतो कोणाला?

११ मे

रेडिएटर खाली काढला. जाळीत काय नव्हतं! वाळू, खवले, कोळंबीच्या मिशा. हवा जाणार कुठून? सगळं ब्रशनं एक एक करून काढलं. शमीम दारातून, "तो माझा ब्रश नाही ना ओ?" तिचाच होता. पाठ वळवून घासत राहिलो.

मग तिनंच सुचवलं — तांब्याची भांडी आमसुलानं घासतो, रेडिएटर काय निराळा? बाईला डोकं आहे. बिनमिठाची आमसुलं भिजवून ते पाणी आतून फिरवलं. हिरवंगार निघालं! पुन्हा गोड्या पाण्यानं धुतलं.

पट्टाही बघितला. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही त्या एका पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे तो आधी बघायचा. रमजानच्या आधीच नवा बसवलाय. अंगठ्यानं दाबला. पाहिजे तेवढाच दबतो. पट्ट्याचं काही नाही.

१२ मे

डाळ करपली. शमीम शेजारी जाताना म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." मी पेपर घेऊन तिथेच पडवीत. एक शिट्टी झाली असेल तर शपथ! नवा कुकर म्हणे. हल्ली शिट्टीसुद्धा धड बनवत नाहीत. आणि बोलणी मी खायची!

१४ मे

दापोलीहून ओमकार मिस्त्री आला. हातात पिस्तुलासारखं ताप मोजायचं यंत्र. इंजिनाच्या कपाळावर लाल ठिपका मारतो आणि आकडा वाचतो. अंगणात उभा तांबडा, ना ओझं ना चढ — ताप कसा येणार? म्हणाला, "शेठ, सगळं ओके."

ओके! मग काय मी पुळणीत हौसेनं उकळवतो?

म्हणाला, पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकू. म्हणजे दार नीट लागत नाही म्हणून चौकटच उपटायची. नको म्हटलं. मग हळूच विचारतो, "आवाज-बिवाज काही येतो?"

आवाज! मला विचारतो! धुक्यात होडी दिसायच्या आधी तिच्या इंजिनाच्या ठोक्यावरून मी सांगतो ती कोणाची. माझ्या कानांवर लोकांनी पैजा लावल्यात. म्हटलं, "ओमकार, तांबड्याचा एक ठोका जरी चुकला ना, तर मी झोपेतून उठेन." ओढताना बघायला पुळणीवर चल म्हटलं तर त्याला खेडला जायचं होतं.

१५ मे

चहाच्या टपरीवर मी पाठ करून बसलो होतो. मागे काशी तांडेल कोणाला तरी दबक्या आवाजात, "पुनवेला हातखंब्याच्या विनीतला बोलवू. त्याचं पिवळं मशीन एका दमात घेईल."

तसाच वळलो. "काशी, पाठ फिरलीय माझी. कान नाही फिरले!"

चहा सांडला त्याच्या लुंगीवर! पण माणूस निगरगट्ट. म्हणतो, "रशीदशेठ, राग धरू नका. मागच्या वेळी होडीच्या फळ्या निखळल्या असत्या. ज्या पोरांची ती, त्यांचं सगळं त्या होडीत आहे."

हे मात्र खरं. म्हणूनच आणखी चिडलो.

शेवटी ठरलं ते असं: पुनवेची पहिली होडी माझी. मधे थांबलो तर दोर सोडायचा आणि विनीतच्या मशीनला बांधायचा. पहिलीच नाही, सगळ्या. पुढच्या सालच्याही. एकदा दुसऱ्याच्या हुकाला लागलेला दोर परत येत नसतो. हा किनारा मला ठाऊक आहे.

१७ मे

जुम्म्याची नमाज झाल्यावर एक लहान होडी ओढून बघितली. काटा पुन्हा लाल रेघेवर! वरपर्यंत नेली कशीबशी, गोणपाट भिजवून टाकत. आमसुलं गेली पाण्यात.

विनीत जागा बघायला आलेला. पांढरे बूट घालून पुळणीत! जवळ येऊन ओरडला, "काका, जरा पट्टा बघा!" पुनवेला माझ्या पोटावर पाय देणार आणि आज सल्ला! म्हटलं, "पोरा, तुझ्या जन्माआधीपासून पट्टे बसवतोय मी." हसला आणि गेला. कसलं हसू ते!

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बाया — मी जवळ आलो तशा एकजात सगळ्यांनी कानांत बोटं घातली! यमुनाबाई तर डोळेही मिटून बसली. हिच्या टोपल्या मी कितीदा फुकट वाहिल्यात. तांबड्याचा आवाज म्हणजे काय गटाराचा वास आहे?

१८ मे

अंगणात बसलो होतो दिवेलागणीला. यंदा एक रातकिडा नाही. आंब्यांवर फवारे मारमारून सगळे संपवले या बागवाल्यांनी. कोणाला पर्वा आहे?

महरीन काहीतरी सांगत होती. हल्ली ही पोरगी पुटपुटते. "मोठ्यानं बोल" म्हटलं तर म्हणाली, "अब्बा, मोठ्यानंच बोलतेय." कॉलेजात स्पष्ट बोलायला शिकवत नाहीत, उलट उत्तरं तेवढी शिकवतात.

२० मे

राहवेना. सरळ यमुनाबाईपुढे जाऊन उभा राहिलो.

"काय गो, मी आलो की कानात बोटं? एवढा खुपतो काय आमचा आवाज?"

"आवाज?" म्हणाली. "अरे रशीद, त्याला आवाज म्हणतात होय? मांजराच्या शेपटीवर चाक दिल्यागत किंचाळतोय तो तुझा तांबडा! माझी सुकी मासळी दचकून उठंल एक दिवस!"

बाया खिदळल्या. मी म्हटलं, "कधी किंचाळतो?"

"होडी लावलीस की. शिमग्यापासून."

थट्टा करतायत, दुसरं काय! सदूकडे वळलो. तो वाळूत पायाच्या अंगठ्यानं रेघा मारतोय. "होय ओ शेठ. पट्टा वरडतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या कानांना मी काय सांगायचा? म्हटला, तुम्हाला ठाऊक असेल. तुमचा काय तरी विचार असेल."

विचार! किनाराभर सगळ्यांना ठाऊक, आणि एकही तोंड उघडत नाही. का, तर म्हणे रशीदशेठचे कान! अरे, मग मी काय मुद्दाम पट्टा जाळत होतो?

कोरड्या वाळूतली एक होडी बांधली, सदूला गाडीवर बसवलं आणि मी बाजूला उभा राहिलो. दोर ताणला. बायांची बोटं कानात. मी पट्ट्याकडे टक लावून. पट्ट्यावरून निळसर धूर! इंजिन जोर लावतंय आणि पंखा मात्र रमतगमत फिरतोय, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. बंद केलं. हात लावला तर काळी रबराची भुकटी. पट्टा सोडला आणि पुलीच्या खाचेत बोट घातलं — बूड आरशासारखं चकचकीत! पन्नास वर्षांत खाच झिजून रुंद झालीय. नवा पट्टा तिच्या बुडाला टेकतो, कडांना धरतच नाही. अंगठ्याला घट्ट लागतो, ओझं आलं की सरकतो. पंखा नाही, पंप नाही, मग पाणी उकळणार नाही तर काय बर्फ होणार?

विनीतनं बरोबर सांगितलं होतं. हे लिहितानासुद्धा दात-ओठ खातोय.

पट्टा सरकत होता हे कबूल. पण किंचाळी? मी शेजारीच उभा होतो की. लोकांना वाढवून सांगायची सवय.

२१ मे

जुनी पुली घेऊन दापोलीला. तसला भाग आता कुठे मिळतो! ओमकारच्या ओळखीच्या लेथवाल्यानं तीच खाच भरून पुन्हा कातून दिली. ओमकार म्हणाला, "शेठ, मी आवाजाचं विचारलं होतं ना?" म्हटलं, "आणि ओझं लावून बघ म्हणून मी सांगितलं होतं ना?" वडापाव मात्र त्यानंच दिला.

२३ मे

पुनव. भर दुपारी उधाण वर आलं. डोक्यावर ऊन असं की खिळा हातात धरवेना. सगळ्यात जड होडी काशीनं मुद्दाम माझ्या वाट्याला काढली, हलकट! पिवळं मशीन दहा पावलांवर तयार, विनीत दोराकडे बघत उभा.

पहिला गिअर. दोर ताणला, तांबड्यानं नाक वर केलं, मागची चाकं वाळूत बसली आणि मग धरलं. सदू ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे!" मी काट्यावरची नजर काढली नाही. काटा चढला. लाल रेघेच्या अलीकडे आला — माझ्या तोंडात दुआ — आणि थांबला. तिथेच थांबला! मधल्या चढावर, जिथे दर वेळी उकळायचा, तिथेसुद्धा ढिम्म. होडी वर, माडांपर्यंत!

मग दुसरी. मग तिसरी. विनीतनं मशीन बंद केलं, बूट काढले आणि आमच्या दोराला हात लावला. पोरगा वाईट नाही. काशी म्हणाला, "पुढच्या सालीही तुम्हीच ओ शेठ." म्हटलं, "आधी माझ्या रेडिएटरची माफी माग, दर्या ओत म्हणाला होतास!"

बायांचे हात मांडीवर. यमुनाबाईनं लांबूनच माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. सदू खूश, "शेठ, कसा गप ओढतोय बघा!"

मी मान डोलावली.

मला तो शिमग्यापासून जसा वाजतोय, तसाच आजही वाजला.

२४ मे

दिवेलागणीला महरीनला अंगणात बोलावलं. विचारलं, रातकिडे ओरडतायत का गं?

हसली. मग हसायची थांबली.