निळा मणी

नंदनवन, १२ ऑक्टोबर १९८७, सोमवार

दिवाळीचा चुना आज उरकला. सकाळी चुनेवाला समोरच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "सर, हे मणी काहून लटकवून ठेवले? काढा, मले शिडी लावाची आहे."

मधूने, माझ्या धाकट्या भावाने, गेल्या वर्षी छताला टांगलेली दीर्घिका. आपल्या आकाशगंगेच्या शेजारची, पण नागपुरातून कधीच न दिसणारी. एक मणी म्हणजे एक तारा, कमीजास्त उजळत राहणारा. जितका सावकाश उजळतो-मावळतो, तितका तो मुळात तेजस्वी. मग इथून तो किती मंद दिसतो, त्यावरून अंतर निघतं. अंतरं मी काढायची, मणी त्याने टांगायचे. दारातून पाहिलं तर नुसता पुंजका. स्वयंपाकघरातून पाहिलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबलेली.

निळा मणी तेव्हाच मला चुकल्यासारखा वाटला होता. वीतभर खिडकीकडे हवा. मधू हसून म्हणाला, "तुह्यंच गणित चुकून राहिलं, दादा." पुन्हा करून दाखवतो, म्हटलं होतं. फेब्रुवारीत तो गेला.

संध्याकाळी मणी परत टांगताना गणित पुन्हा केलं. बरोबर माझंच. निळ्या मण्याचा खिळा उपटून वीतभर पुढे ठोकायचा, एवढंच काम. चूक माहीत असून ठेवायची कशी? ही खालून स्टूल धरून उभी होती. म्हणाली, "राहू द्या न. भाऊजींच्या हातचा खिळा आहे तो."

निळा मणी तिथेच टांगला. तिथे तारा नाही. कोणी विचारलं तर चूक माझी म्हणून सांगेन.