समाचाराला येऊ नये

११ जाने., कर्जत
संक्रांतीच्या चिक्कीचा पाक. कढई कलंडली ती वसुधाच्या उजव्या हातावर, पोटावर, मांडीवर. गुळाचा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. आणि मी? संस्कृत पाठशाळेत चार वर्षं काढलेला माणूस. भाजल्यावर मध आणि तूप, हे मुखोद्गत. समोरचा नळ सोडून फडताळाकडे धावलो. तूप घरचं, साजूक, दोन महिने झाकणाविना. चोपडलं सगळीकडे. व. तशातही म्हणाली, "अहो, मला नैवेद्याला ठेवताय का?"
शेजारच्या हमीदभाईंनी गाडी काढली. कर्जतच्या दवाखान्यात पुसून ड्रेसिंग केलं, तिथून नवी मुंबई, भाजलेल्यांचा वॉर्ड.

१२ जाने.
वीस टक्के भाजली म्हणतात. उरलेले ऐंशी टक्के अखंड बोलताहेत, म्हणून मी निर्धास्त. डॉक्टर मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. घरी काय लावलं होतंत, असं विचारलं. मी म्हणालो, थंड पाणी. व.ने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ जाने.
सकाळपासून ताप, हुडहुडी. ड्रेसिंग सोडलं तर गॉजवर हिरवट डाग, गोडसर वास. सिस्टरनी वासावरूनच ओळखलं. स्यूडोमोनास. जंतूला एवढं भारदस्त नाव आमच्या एकाही गुरुजींनी ठेवलं नसतं. मॅडमनी समजावलं: जळालेली कातडी मेलेली असते, तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. जंतूला मोकळं रान. उद्या ती खरवडून काढणार.
खरवडून. हा शब्द मी आजवर फक्त खोबऱ्यासाठी वापरला.

१८ जाने.
कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांची यादी, प्रत्येकापुढे आर किंवा एस. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. वरून खाली वाचत गेलो. आर, आर, आर, आर. तळाशी दोन एस, म्हणजे लागू पडणारी. त्यातलं एक किडनीला जड. तेच सुरू केलंय.
मग मॅडमना व्हरांड्यात गाठून तुपाचं सांगितलं. रागावल्या असत्या तर सुटलो असतो.
"तुपानेच झालं असं नाही म्हणता येणार, काका. वॉर्डातही लागण होते. पण पहिल्याच दिवशी कळलं असतं तर आम्ही वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. तुम्ही बातमीदार ना?"
व.ला जाऊन सांगितलं, कबूल केलं म्हणून. ती म्हणाली, "सहा दिवस लागले. तुमच्या पेपरात याहून लवकर छापून येतं."

२० जाने.
वॉर्डाच्या दाराशी मावशी असतात, आमच्या कर्जतकडच्या कोंडाण्याच्या. "दादा, हात धुतलं का? नुसतं भिजवून नाय चालायचं." एक श्लोक संथपणे म्हटला की कोपरापर्यंत धुऊन होतं, हा माझा शोध. मावशींना तो पसंत, पण एका अटीवर. "म्हना ना, पन साबन लावून म्हना."
दुपारी आक्का, माझी थोरली बहीण, खालापूरहून. सोबत गाडीभर नातलग, नारळ आणि देवाचा अंगारा. आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला न जाणं म्हणजे वैर, आणि जाऊन अंगाला हात न लावणं म्हणजे नुसता उपचार. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, कोणीही आत जायचं नाही, काचेतूनही नको.
"अरे बाळ, नुसतं बोट टेकवते कपाळाला."
"नाही, आक्का."
"एवढं शिकलास ते बहिणीला अडवायला?"
"तिला तूप मी लावलं, आक्का. आता आणखी कोणी काही लावायचं नाही."
अख्खी गाडी आल्यापावली परतली. आत व.ला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणे, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या बाजूने उभे राहिलात खरे, पण त्यासाठी मला भाजावं लागलं."

२२ जाने.
पेपरला मजकूर पाठवला. मथळा: समाचाराला येऊ नये. भाजलेल्याला का बघायला जाऊ नये, काय लावू नये, पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली का धरावं. तूप, फडताळ, थाप, सगळं माझ्या नावानिशी. संपादकांचा फोन, 'एका गृहस्थाने' असं करू का? म्हटलं, तो गृहस्थ पगार तुमचाच घेतो, छापा.

२३ जाने.
छापलं. नेरळचे एक वैद्य फोनवर खवळले. मध-तूप शास्त्रोक्त आहे. असेलही. पण माझं तूप शास्त्रातलं नव्हतं, फडताळातलं होतं. वाद घालायला बोलवत होते. बायको बरी झाल्यावर येतो म्हटलं.

२५ जाने.
ताप १०४. जंतू रक्तात. बी.पी. घसरलं. ऐंशी टक्के गप्प. परवा फोनवर केलेला शहाणपणा आठवून लाज वाटली. तरी जाणार आहे वादाला. ती बरी झाल्यावर. म्हणजे जाणारच.

२७ जाने.
बी.पी. सावरलं, ताप आहेच. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलंय. ठेवली तर जंतूंचा तळ तिथेच राहणार. काढली तर हात वाचेल, ताप उतरेल? मॅडम म्हणाल्या, हमी देत नाही, पण काढावीत.
संमतीचा कागद माझ्यापुढे धरला. व. डोळे मिटून होती, ते उघडले.
"इकडे द्या तो. बोटं माझी आहेत. तुम्ही साक्षीदार म्हणून करा सही."
डावा हात, त्यात सलाइनची सुई. एकेक अक्षर. आडनावही पुरतं लिहिलं. स्ट्रेचरवाले, सिस्टर, मॅडम, सगळे उभे, कोणी घाई केली नाही. मग मॅडमना म्हणाली, "उरलेली तीन नीट सांभाळा. मला कामं आहेत."
आत नेलं त्याला दीड तास झाला. पाऊण तास म्हणाले होते. दार उघडलं की मी उठून उभा राहतो. आतापर्यंत चारदा उठलो, चारही वेळा दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं.