राखणदाराची तल्लफ

३ जानेवारी १९८३, सोमवार
लाटंबार्से

आलो एकदाचा! ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि सुमंगलाने बांधून दिलेली लोणच्याची बरणी, सगळं शाबूत पोचलं. बरणी फुटली असती तर मला घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

जागा झकास आहे. शेतकऱ्यांच्या संस्थेचा पंप, त्याला चिकटून माझी कौलारू खोली, मागे चूल. पुढे व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो आणि पलीकडे वायंगणीचं, उन्हाळी हंगामाचं हिरवंगार भात. व्हाळाचं पाणी उपसून त्या शेतांना द्यायचं, एवढंच काम. कुडाळच्या भातगिरणीत दहा वर्षं कोंडा खाल्लेल्या माणसाला ही बढतीच म्हणायची. संध्याकाळी पदेर, इथला पाववाला, सायकलवरून गरम पाव घेऊन आला, तेव्हा तर मी स्वतःलाच जावई समजू लागलो.

ही वही सुमंगलाने दिली. हात रिकामे राहिले की तुमका सिगरेट आठवता, तेवां लिवत बसा, असं म्हणाली. लिहितोय, बाई!

मूळ गोष्ट लिहायलाच हवी. आमची गंगा सहा वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एका घरात एक तर या पोरीची छाती राहील, नाही तर तुमचा धूर. परवा मी गंगाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा ओठाला लावणार नाही. महिनाभर निभावलं तर मायलेकी इथे राहायला येणार. नाही निभावलं तर सुमंगला पोरीला घेऊन माहेरी जाणार, आणि ती बोलते ते करते.

ट्रंकेत धोतराखाली एक भरलेलं पाकीट आहे. ओढायला नाही. नुसतं असू दे.

५ जानेवारी, बुधवार

सोळा वर्षांची सवय. आज कळलं की मी सिगरेट ओढत नव्हतो, सिगरेटच मला ओढत होती. चहा प्यालो, आता? जेवलो, आता? पंप सुरू केला, आता? प्रत्येक कामाला शेपूट होतं आणि ते कोणीतरी कापून नेलंय. बडीशेप चघळली, दालचिनी चघळली, शेवटी काड्यापेटीतली काडी चघळत बसलो. पाव गार म्हणून पदेरावर खेकसलो. तो बिचारा घाबरून दोन पाव जास्त देऊन गेला. मला माझी लाज वाटली.

शेतात पाणी फिरवणारा सगुण म्हणून एक म्हातारा आहे, सत्तरीचा, काटक. मी सोडतोय हे कळल्यापासून तो विडी ओढायला पंपाच्या मागे जातो. आणि मी वास घ्यायला त्याच्या मागे जातो. असा आमचा खेळ चाललाय.

८ जानेवारी, शनिवार

सगुणने आज राखणदार दाखवला. पायवाटेच्या वळणावर काजऱ्याच्या झाडाखाली कमरेएवढा उभा दगड आहे, मधोमध बोटभर फट. गावाच्या शेतांची राखण हा करतो. वर्षातून एकदा, कापणी झाली की गाव त्याला रोट देतो आणि एक विडी पेटवून त्या फटीत ठेवतो. मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं आणि मागे न बघता घरी यायचं.

मी विचारलं, हा खरंच ओढतो काय? सगुण हसला नाही. विडी विझलेली अजून कोणी बघितली नाही, एवढंच म्हणाला.

९ जानेवारी, रविवार

आज हरलोच होतो. दुपारच्या जेवणानंतर ट्रंक उघडली, सिगरेट बोटांत घेतली, काडी ओढली. ओठापासून चार बोटांवर गंगाचं डोकं आठवलं. पेटलेली फेकवेना आणि ओढवेना. तसाच धावत वळणावर गेलो, सिगरेट त्या फटीत खोचली आणि हात जोडून म्हणालो, म्हाराजा, ही तू ओढ आणि माझी तल्लफही तूच घे.

पाठ वळवली. पंपाशी येईपर्यंत तल्लफ गेलेली! दात काढल्यावर ठणका जातो तशी. संध्याकाळी दोन वेळा भात खाल्ला.

१६ जानेवारी, रविवार

आठवडाभर हेच औषध. मनात आलं की एक पेटवायची आणि नेऊन खोचायची. परवा दोन, काल चार. पाकीट संपलं, नाक्यावरच्या दुकानातून नवं आणलं. शपथ ओठांची आहे, बोटांची नाही.

सगुणला कळलं तेव्हा म्हातारा डोक्याला हात लावून खाली बसला. म्हणाला, "तेका वरसाक एक पुरे. रोज दिलंस तर सवय लागतली रे बाबा."

मी हसून विचारलं, देवाला कसली सवय? तो म्हणाला, "तुका लागली ती खय जातली? तुज्यातसून भायर पडली म्हणजे खयतरी गेलीच मा?"

अनुभवी माणूस आहे, पण जुन्या वळणाचा.

२३ जानेवारी, रविवार

माझी तल्लफ पार मेली. सकाळचा खोकलाही गेला. सुमंगलाला पत्र टाकलं, चार तारखेला या.

काल गेलोच नाही वळणावर. माझी गरज संपली होती. आज भर दुपारी जेवायला बसलो तर दाराबाहेर कोणीतरी खोकलं. कोरडा, दोनदा, मग घसा खाकरणं. सगुण असेल म्हणून हाक मारली. अंगणात कोणी नव्हतं. घास तोंडात तसाच राहिला, कारण तो खोकला मला ओळखीचा होता. सोळा वर्षं रोज सकाळी मीच तसा खोकत होतो.

घाईने एक पेटवून नेली. फटीतली जुनी थोटकं बाहेर पडली होती. टोकं ओली होती आणि चावलेली. मी टोक चावतो. चावायचो.

खार असेल.

३० जानेवारी

आता दहा लागतात. खोचताच सिगरेट एका दमात जळत जाते, राख पडतच नाही.

रानडुकरं शेतात शिरली. दोन कोपरे लोळवून टाकले. लोक म्हणतात असं कधी झालं नव्हतं, राखणदार गेला खय? गिरणीत मीही सिगरेटीसाठी मशीन चालू सोडून मागच्या दाराला जायचो. एकदा पट्टा तुटला तरी मला पत्ता नव्हता. तल्लफ आलेला माणूस राखण करत नाही.

तो गेलेला नाही. तो माझ्या दाराशी बसून असतो.

२ फेब्रुवारी

पाकिटं संपली, दुकान बंद. सकाळी चूल पेटवली. धूर कौलांतून वर गेला नाही. खाली आला, जमिनीलगत उंबऱ्यावरून गेला, अंगणातून, सरळ दोरीसारखा, वाऱ्याच्या विरुद्ध, वळणाकडे. मी बघत उभा राहिलो. भात करपला तरी घरात वास नाही.

सुमंगलाला येऊ नको म्हणून कळवायला हवं. पत्र आता वेळेत पोचणार नाही.

४ फेब्रुवारी

आल्या. गंगा उड्या मारत वाट चालली, एकदाही धाप नाही. सुमंगलाने माझ्या तोंडाचा वास घेतला, डोळे पुसले. मग बोटांचा घेतला.

खरं सांगितलं, दगडाला देतो म्हणून. तिला ते बायकोला सांगायचं थोतांड वाटलं. म्हणाली, "उद्या बोटांक वास इलो तर मी परवाच्या गाडयेन जातंय." 

मी बंद केलं. तिच्या समोर कसं देणार? आणि खरं म्हणजे तिचाच राग आला, त्याचा नाही. हे लिहितानाही मला स्वतःची शरम वाटते.

५ फेब्रुवारी

दुपारभर खोकला. सुमंगलाला ऐकू येत नाही.

गंगाला येतो. ती दारात बसून म्हणाली, "बाबा, तो आजो माज्याकडे धूर मागता. माज्याकडे खय आसा?"

आत ओढून घेतली तिला. दार लावलं. बाहेर पायरीवर नखांचा आवाज. मला माहीत आहे तो काय करतोय. मी रिकाम्या पाकिटाचा कागद असाच खरवडायचो.

६ फेब्रुवारी

गंगाला धाप. औषध दिलं, उतरत नाही. सुमंगला म्हणते हवा बदलली म्हणून.

तिच्या श्वासाला तंबाखूचा वास आहे. सुमंगलाने माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळ होण्याआधी धावत नाक्यावरून नवं पाकीट आणलं, अख्खं पेटवून फटीत कोंबलं. एकेक विझली. घेत नाही. दगडाला पाया पडलो, रडलो. फटीतून गरम हवा आली — आत, बाहेर, आत —

त्याला आता नुसता धूर पुरत नाही, छातीच हवी. मीही असाच चढत गेलो होतो.

७ फेब्रुवारी

निघालो. गंगा खांद्यावर, सुमंगला मागे. प्रत्येक पावलाला धाप वाढत गेली. गावाच्या शिवेवर ओठ निळे पडले. सुमंगला किंचाळली, मागं फिरा! फिरलो. मागे येऊ तशी उतरत गेली.

आता सुमंगलालाही कळलंय. माझ्या हाताला धरून बसली आहे.

८ फेब्रुवारी

सगुणकडे गेलो. पाय धरले.

तो म्हणाला, "सवय तू दिलंस, तूच परत घे. तेचा उष्टा थोटूक फटीतसून काड, पेटय आणि निखारो बोटाक लागासर ओढ. मदी टाकू नको. मदी टाकलंस तर तो पोरीचो जीव घेवन जातला."

म्हणजे ओठाला लावायचं. मी त्याला शपथेचं सांगितलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवल्याचं.

म्हाताऱ्याने माझे हात पायांवरून सोडवले. मग म्हणाला, दुसरो उपाय माका म्हायत नाय.

९ फेब्रुवारी

दुपार. सुमंगला आणि सगुण रस्त्यावर गेलेत, डॉक्टरला इथे आणायला गाडी मिळते का बघायला. गंगा चटईवर. झोपली आहे की शुद्ध नाही — श्वास शिट्टीसारखा.

थोटूक आणलंय. टोक ओलं. माझ्याच दातांच्या खुणा.

सुमंगला, तू हे वाचशील म्हणून सगळं लिहितोय. मी चैनीसाठी ओढत नाही. मला ओढायची इच्छासुद्धा नाही. पोरीसाठी शपथ घेतली आणि पोरीसाठीच मोडतोय. त्याचं जे काय असेल ते माझ्या छातीत येऊ दे, तिच्या नको.

एका हाताने लिहितो.

पेटवली.

पायरीवरचा खोकला थांबला! एकदम थांबला. सगुण खरं बोलला. जातोय तो —

पहिला झुरका घेतला.

धूर आत आलाच नाही. तोंडात काहीच नाही, छातीत काहीच नाही. निखारा मात्र सरकला.

गंगा खोकली. तिच्या नाकातून —

नाही. माझ्या सिगरेटीचा असेल, वाऱ्याने तिकडे —

दुसरा घेतला. जोरात. सगळा माझ्यात यावा म्हणून जोरात.

तिच्या तोंडातून आला. पांढरा. तिने डोळे उघडलेत. माझ्याकडे बघते आहे. शपथ घेताना हात माझाच ठेवला होता तिच्या डोक्यावर, मीच —

मधे टाकायची नाही म्हणाला. टाकली तर — ओढली तर —

अजून अर्धी आहे आणि गंगा