भरल्या ताटावरून

अलिबाग, ८ जानेवारी २०२४

ती. सखूआत्यास,
मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि. काल तुझा फोन उचलला नाही, रागावू नकोस. फोनवर माझे शब्द घशात अडकतात, कागदावर अडकत नाहीत. म्हणून पत्र.

अजितने कोर्टात सांगितलंय, की मी आपल्या मर्जीने किहीमचं घर सोडलं, आणि मी तोतरी असल्यामुळे भक्ती माझ्याकडे राहिली तर तीही तोतरी होईल. सहा वर्षांच्या पोरीलाही तो हेच शिकवतोय. भर दुपारी मला ताटावरून उठवलं, हातही धुवू न देता घराबाहेर काढलं, ते मात्र साफ नाकारतो. बघायला फक्त त्याची आई होती. ती मुलाविरुद्ध कशी बोलणार?

लग्न झाल्यापासून त्याने माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मी तोंड उघडलं की उरलेलं तोच बोलायचा, आणि लोक म्हणायचे, किती सांभाळून घेतो. आत्या, मला भक्ती हवी आहे. आणि चारचौघांत त्याचं तोंड पडलेलं बघायचं आहे. हे वाईट असेल तर असू दे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मैत्री

चौल, १५ जानेवारी २०२४

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.
सूड घ्यायचाय म्हणतेस, ते मला आवडलं. आपल्या घरातल्या बायका नुसत्या रडत बसल्या, त्याचा मला वीट आलाय. पण तू म्हणे चहा-पावावर दिवस काढतेस. अशा अंगाने कसला सूड घेणार? कोर्टातच घेरी येऊन पडशील. भात खा, मासळी खा, वेळेवर झोप.

सकाळी उठून वंदना मोठ्याने म्हण. ती म्हणताना तू लहानपणीही कधी अडखळली नाहीस. तोच श्वास धरून मग वर्तमानपत्र वाच. शब्द अडला तर मान खाली घालायची नाही. समोरच्याकडे बघत राहायचं आणि आपला शब्द आपणच आणायचा. कोणी आयता देऊ केला तरी घ्यायचा नाही. अजितला शिव्या द्यायच्या तर मला लिहून दे, शेजारणीपाशी नको. तिथे वाफ गेली तर ऐन वेळी तुझ्याकडे काही उरायचं नाही.

वाडीतले चार नारळ पाठवतेय. तुझ्यावर जीव आहेच, तो सांगायला लावू नकोस.
सखूआत्या

अलिबाग, २ एप्रिल २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि. तुझी शिक्षा मुकाट भोगतेय. अंगावर मांस चढलंय, ऑफिसातले फोन आता मीच घेते. गेल्या आठवड्यात साहेब माझा शब्द पुरा करायला आले, तेव्हा त्यांना हाताने थांबवलं. ते बिचारे ओशाळले.

रविवारी भक्तीला भेटायला किहीमला गेले होते. अजित समोर बसला होता. भक्तीला तापात डॉक्टरकडे, एवढं म्हणून मी श्वास घ्यायला थांबले, तर हा म्हणतो, नेलं नाही. स्वतःच. मग जीभ चावली. आत्या, त्याला ही खोडच आहे, आणि त्याला तिचा पत्ता नाही. मी घरी येऊन पोटभर जेवले. तारीख जूनमध्ये आहे.

लोभ आहे तसा राहू दे, आणि अजितवरचा रागही.
मैत्री

अलिबाग, २१ जून २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि. काल तारीख झाली. न्यायाधीशांनी विचारलं, घर का सोडलं. मी सावकाश सांगितलं, की त्या दुपारी मी जेवायला बसले होते आणि यांनी मला भरल्या ताटावरून. तिथे थांबले. अडखळले नाही आत्या, थांबले. शब्द जिभेवर तयार होता. मान वर ठेवून मी अजितकडे बघत राहिले.

मागच्या बाकावरून तो म्हणाला, उठवलं.

त्याच्या वकिलाने डोळे मिटले. न्यायाधीशांनी अजितला उभं केलं, तेव्हा आधी तो नाही म्हणाला, मग म्हणाला, ती उलट बोलली म्हणून. पुढचं सगळं मी माझ्या तोंडाने सांगितलं. मध्ये अडले, पण कोणाची मदत घेतली नाही. निकाल लागेपर्यंत भक्ती माझ्याकडे राहील, असा हुकूम झाला. आत्ता ती शेजारी झोपली आहे.

कोर्टाच्या पायऱ्यांवर अजित आडवा आला. मैत्री, मला, एवढं म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. ओठ नुसते हलत होते. उरलेला शब्द मला ठाऊक होता. मी तो दिला नाही.

भक्तीचा तुला जयभीम. तुझी माया आता आम्हा दोघींत वाटून दे.
मैत्री