नव्वद दिवस थांब

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय बारके,

पत्राला कारण आहे, पण आधी घरचं सांगतो. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. मी नव्या चष्म्यातून जुनीच कटकट करतो, असं तिचं म्हणणं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही. छातीतली गाठ काखेपर्यंत गेलीये, हे तू सांगत होतीस आणि वर मलाच धीर देत होतीस, "दादा, बरं झालं तू पॉलिसी घ्यायला लावलीस."

तुझ्या दुकानात बसून मीच समजावलं होतं. एका पॉलिसीत हॉस्पिटलचं बिल भागतं, तेवढंच. दुसरीत मोठा आजार निघाला की ठरलेली रक्कम एकदम हातात, मग उपचाराला लाव की घरभाड्याला. शिलाईमशीन बंद तर चूल बंद, म्हणत तू दुसरी घेतलीस. मीही ऐटीत सांगितलं, पहिल्या नव्वद दिवसांत आजार निघाला तर काही मिळत नाही.

दीड महिन्याने तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, अजून किती दिवस राहिले? मी मोजून सांगितले. "तेवढे थांब," असंही म्हणालो. बारके, तू का विचारतेयस ते मला कळलं होतं. तरी म्हणालो.

तू थांबलीस. ब्याण्णवाव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलीस आणि गाठ आठवड्यापूर्वी हाताला लागली म्हणून सांगितलंस.

काल मी पॉलिसीचे कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. वीस वर्षं पॉलिसी विकायचाच धंदा करतोय, लाज वाटते. नव्वद दिवसांत आजाराची नुसती खूण दिसली असेल तरी पैसे नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे थांबून काही मिळायचंच नव्हतं. आता खोटं रेटलं तरच मिळेल, आणि गाठ किती जुनी ते धरूनच डॉक्टर औषध ठरवणार.

मला काही सुचत नाही गं. खरं सांग म्हणावं तर मशीन बंद पडल्यावर तुझं कसं व्हायचं? मी पुरा पडणार नाही, तुलाही ठाऊक आहे. गप्प राहा म्हणावं, तर एकदा 'थांब' म्हणून बसलोय.

गुरुवारी तपासणीला जाशील तेव्हा गाठ पहिल्यांदा कधी लागली ते डॉक्टरांना सांग. इतके दिवस का थांबलात, असं ते विचारतील. माझ्या भावाने थांबायला सांगितलं, म्हण.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही,
तुझा दादा