उतारावर न गेलेली बस

प्रिय भिंगरी,

फोन मध्येच ठेवला म्हणून रागावली असशील तर रागाव. तुझी आई म्हणते, माणसाने नीट बोलावं. मला बोलता येत नाही, म्हणून ट्रेनिंगच्या होस्टेलवर हे पत्र धाडतोय. शाळा सातवीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लावून वाच. तू विचारलंस, सोमवारी आपल्या डेपोत नव्या ड्रायव्हरांचं स्वागत आहे, प्रत्येकाला दोन शब्द बोलायचेत, तर स्टिअरिंगवर सगळ्यात जास्त मजा कधी आली ते मी सांगणार, आपली मैदानातली दुपार, तेव्हा बसचा नंबर काय होता बाबा? नंबर मला पाठ आहे. पण ती गोष्ट अशी अर्धी सांगू नकोस. त्या दुपारपायी एका माणसाची नोकरी गेली. तुला ते माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही.

मजा आली, हे खोटं नाही. एकतीस वर्षं बस चालवली, पण स्टिअरिंग म्हणजे मला पोटाचं काम. लोक चढतात, लोक उतरतात, कोणी शिव्या घालतं, कंबर दुखते. त्या दुपारी तू डबा घेऊन आलीस, अठरावं नुकतंच लागलेलं, आणि म्हणालीस, रिकामीच आहे ना बाबा, एक चक्कर मारू द्या की. मागच्या मैदानात, जिथे भंगार गाड्या उभ्या असतात, तिथे तुला सीटवर बसवलं. त्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग जात्यासारखं जड. तू अर्धी उभी राहून, जीभ बाहेर काढून ते ओढत होतीस. दोनदा गचके देऊन बंद पाडलीस, तिसऱ्यांदा निघाली ती अशी की मीच दांडीवर आपटलो. मग टायरांच्या ढिगाभोवती आठचा आकडा. मी दारात लटकून कंडक्टर झालो, रिकाम्या सीटांवर ओरडत होतो, सरका पुढे, पुढे काय सासुरवाडी आहे का लाजायला! घंटीची दोरी दोनदा ओढली की तू सुटायचीस, एकदा ओढली की ब्रेक. दर वेळी ब्रेक लागत होते. सपाट जमिनीवर, बैलाच्या चालीने, लागणारच. हसून हसून मला ठसका लागला. तुझ्या आईने मला तसं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता ती गाडी रिकामी का होती ते ऐक. ती ब्रेकच्या ट्रायलला निघाली होती. ब्रेकचं काम झालं की ड्रायव्हरने गाडी पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर न्यायची, वरून खाली दोनदा सोडायची आणि मगच रजिस्टरवर सही करायची. आणि ज्याने ब्रेक बसवले त्या मेकॅनिकने पुढच्या सीटवर बसायचं, दांडी न धरता. हे बसणं कुठल्या कागदावर नाही, पण सगळे पाळतात. आपल्या कामावर आपलेच दात पणाला लागले की हात आपोआप नीट चालतो. त्या दिवशीचं काम ब्रेकवाल्या काकाचं होतं, लहानपणी तुला बेअरिंगची गाडी करून दिली तोच. त्याच्या बायकोला सणकून ताप चढला, शेजारणीचा फोन आला. निघताना मला म्हणाला, आज एकटाच जा, पण उतारावर घाल, दोनदा घाल, मग सही कर. मी म्हणालो, चल पळ, मला शिकवतोस का. तेवढ्यात तू आलीस. तास कसा गेला कळलं नाही. पाळी सुटायची वेळ झाली, सुपरवायझर गेटवरून बोंबलायला लागला, गाडी सकाळच्या पहिल्या फेरीला लागणार होती. तुझ्या देखत ती मैदानातून सरळ रांगेत नेऊन लावली. तुला घरी पिटाळलं आणि रजिस्टरवर लिहिलं, उतार दोन वेळा, ब्रेक ठीक. खाली सही.

सकाळी दुसरा ड्रायव्हर ती घेऊन गेला. बाजाराच्या उतारावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. त्या माणसाने डोकं चालवलं, गाडी भिंतीला घासत घासत थांबवली. लोकांना नुसतं खरचटलं, पण कंडक्टरचा गुडघा गेला तो कायमचा. अजून तो जिना एकेक पायरी करून चढतो. ब्रेकच्या तेलाच्या नळीचा जोड कच्चा राहिला होता. सपाटीवर कळत नाही, उतारावर जोर आला की सुटतो. म्हणजे चूक ब्रेकवाल्याची होतीच. त्याचं लक्ष घराकडे लागलेलं, जोड आवळायचा राहिला. पण ट्रायल असते कशाला? माणूस चुकतो म्हणूनच असते. मी टाकीमागे गेलो असतो तर पहिल्याच खेपेला कळलं असतं, आणि तिथे खाली वाळूचा ढीग त्यासाठीच टाकलेला आहे. चौकशीत साहेबांनी विचारलं, उतारावर नेली होती? मी म्हणालो, हो, दोनदा. मेकॅनिक बसला होता? नाही, घरी गेला होता. दुसरं खरं होतं, म्हणून पहिलंही खरं धरलं गेलं. त्याला काढलं. मला साधी ताकीदही नाही. घरी तुम्ही दोघी म्हणालात, बिचारा, वय झालं, हात कापत असतील. मी जेवत होतो. मी नुसतं म्हणालो, वाढ आणखी.

नऊ वर्षं झाली. तो आता एका बोळात पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मी तो बोळ टाळून लांबच्या रस्त्याने जायचो. तुझा फोन आला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला, पोरगी माईकवर उभी राहून हसत हसत हे सांगणार, आणि ऐकणाऱ्यांत तो गुडघेवाला कंडक्टर असणार. परवा ब्रेकवाल्याकडे गेलो. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो बराच वेळ स्क्रू शोधत राहिला, स्क्रू समोरच पडला होता. मग म्हणाला, नऊ वर्षं मी रोज अंथरुणावर पडलो की तो जोड आवळतोय, आणि तू मैदानात पोरीला खेळवत होतास. मी म्हणालो, माफ कर. तसा भडकला. माफी मला कशाला मागतोस, रजिस्टर माझ्याकडे आहे का? जिथे खोटं लिहिलंस तिथे जाऊन खोड. पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं त्याने.

आज सकाळी डेपोत अर्ज देऊन आलो. कारकुनाने दोनदा वाचला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. तुझी आई कालपासून माझ्याशी बोलत नाही, भांडी मात्र बोलतात. अर्जात मैदानात कोण होतं हेही लिहावं लागलं, नुसत्या माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? म्हणजे तुला बोलावतील, बहुतेक सोमवारच्या आधीच. नव्या नोकरीला पहिल्याच दिवशी बापाचा डाग, हे मला कळतं. त्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही. पण तुझी खोड मी ओळखतो. बापावर आलं की तू पदर खोचून मध्ये पडतेस. म्हणशील, हट्ट माझाच होता. म्हणशील, आठवत नाही. म्हणशील, बाबा नंतर गेले असतील उतारावर. त्यासाठीच एवढे कागद काळे केले. यातलं काहीएक बोलायचं नाही. मजा आली होती का विचारलं तर हो म्हण, खूप आली होती म्हण. आणि बस उतारावर गेली होती का विचारलं तर म्हणायचं, नाही. पुढे मागे काही जोडायचं नाही. मी बाहेर बाकावर बसलेला असेन. जाताना, येताना, माझ्याकडे बघू नकोस, नाहीतर तुझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही.

तुझाच,
बाप