भाकरी जमू लागली तेव्हा

१० नोव्हें., सोम.
सुनंदा या महिन्यातही येत नाही. तिच्या भावाने, दत्ताने, दुपारी फोनवर सांगितलं. "दाजी, द्राक्षाच्या छाटणीनंतरची सगळी कामं एकदम आलीत. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर बागेत. आईजवळ कोण बसणार? अक्का राहते म्हणली."
सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं. सु. तेव्हा दिंडोरीजवळ माहेरी गेली ती पंधरा दिवसांसाठी. दिवाळीला मीच दोन दिवस जाऊन आलो. निरोप भावाकडून आला, तिने स्वतः सांगितला नाही. हे लागलं.
डबा लावलाय. पोळ्या बऱ्या असतात. पण थंडी पडली, बाजरीची भाकरी खावीशी वाटते. ती डब्यात नसते.

१२ नोव्हें., बुध.
पाच किलो बाजरी घेऊन गिरणीत. गिरणीवाला पिशवीकडे बघत राहिला. "घरी कार्यक्रम हाय का काका?" म्हटलं, नाही, एकटाच आहे. "मग एवढं? बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं. काकू किलो-किलोनं न्यायच्या." एक किलो दळून घेतलं, बाकीची बाजरी परत घरी. चौतीस वर्षं पेपरात डेस्कवर काढली. गावभरची खबर ठेवली, ही नव्हती.
पहिली भाकरी परातीतच फुटली. दुसरी निम्मी तव्यावर, निम्मी हाताला. डब्यातली पोळी खाल्ली.

१५ नोव्हें., शनि.
शेवटी सु.ला फोन करून विचारलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.
"सगळं पीठ एकदम मळलंत ना? एकीपुरतंच घ्यायचं. तळव्याने रगडायचं चांगलं."
"किती वेळ?"
"काठ चिरायचे थांबेपर्यंत."
मागून सासूबाई: "कोण, जावई? भाकर थापतोय? आगं बया."
"उद्यापासून फोटो पाठवा," सु. म्हणाली.
अकरा मिनिटं बोललो. एरवी दोन. औषध घेतलंत का, हो. पाणी आलं का, हो. संपलं.

१९ नोव्हें., बुध.
रोज साडेबाराला फोटो, लगेच तिचा फोन. "पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. भेगा पडल्यात बघा." "आज मधे जाड, कडेला पातळ. बोटं कुठं दाबता?" मी उत्तरं देतो. मग ती आपोआप दुसरं बोलू लागते. सकाळी ओट्यावर उन्हात आईबरोबर मेथी निवडत बसते. शेजारणी येतात. दहावीपर्यंतची एक मैत्रीण वीस वर्षांनी भेटली, गावातच राहते. आवाज मोकळा वाटला.
मधेच म्हणाली, "इथं आई रोज विचारते, जेवलीस का."
मी कधी विचारायचो का, आठवून पाहिलं. घरी यायचो तेव्हा ताट झाकलेलं असायचं. ती जेवलेली असायची, किंवा नसायची.
अकरा वाजल्यापासून साडेबाराची वाट पाहतो.

२६ नोव्हें., बुध. चंपाषष्ठी
वाटलं होतं, आज तरी येईल. आमच्याकडे चातुर्मासात वांगं बंद, ते आजच्या भरीत-भाकरीच्या नैवेद्याने सुटतं. लग्न झाल्यापासून तिने हा दिवस चुकवला नव्हता. आली नाही.
वांगं गॅसवर भाजलं. दोन भाकऱ्या. दुसरी आचेवर धरली तशी टम्म फुगली, एक भेग नाही. कुणाला दाखवू असं झालं. नैवेद्य दाखवला, फोटो पाठवला.
तिकडे फोन स्पीकरवर. सासूबाई: "बघू दे. आगं सुनंदे, तुझ्यापेक्षा गोल हाय. आता कशाला घाई करती जायची? राहा निवांत."
दत्ता: "दाजी पास."
सु. म्हणाली, "छान झालीय हो." मग, "तुमचं चाललंय आता. मग मी द्राक्षं निघेपर्यंत राहू का?"
म्हणालो, राहा की.
का म्हणालो? सगळे ऐकत होते म्हणून असेल. किंवा तिने विचारलं तेव्हा आवाजात राहायची इच्छा दिसली म्हणून.
द्राक्षं म्हणजे मार्च.

२८ नोव्हें., शुक्र.
दोन दिवस फोटो पाठवले, फोन नाही. अंगठा आला, तेवढाच. चूकच नाही तर ती बोलणार काय.

३० नोव्हें., रवि.
आज केलं ते लिहून ठेवतो.
भाकरी चांगली झाली होती. ताटात घेतली, मधोमध फाडली, कडेचा एक तुकडा काढून टाकला. फोटो काढला. खाली लिहिलं, 'पुन्हा बिघडतंय.' नोकरीत जाणूनबुजून खोटी ओळ कधी जाऊ दिली नाही.
पाच मिनिटांत फोन.
"थापताना फाटली?"
"हो."
"मग फाटलेली कड कोरी कशी? कच्ची फाटली असती तर तिथंही भाजल्याचे डाग पडले असते. आणि पापुद्रा सुटलाय, फोटोत दिसतोय मला."
मी फाटलेले तुकडे ताटात जुळवून पाहिले.
"अहो, भाजून झाल्यावर तोडलीत ही. कशासाठी?"
"उचलताना…" म्हणालो.
मागे ट्रॅक्टरचा आवाज. मग, "आईला औषध द्यायचंय," म्हणून ठेवला.
भाकरी खाल्ली. गार झाली होती.

१ डिसें., सोम.
तिला मेसेज लिहायला बसलो. पहिला मसुदा बावीस ओळी. त्यात घर, माझा बीपी, लोक काय विचारतात, दत्ताने एखादी बाई ठेवावी, सगळं. कापत गेलो. लोक गेले, बीपी गेला, दत्ता गेला. उरलं ते असं:
'भाकरी जमते मला. तुझ्याशिवाय करमत नाही. ये.'
अकराला पाठवला. लगेच वाचला, दोन निळ्या खुणा. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.
लग्नाला अडतीस वर्षं. 'करमत नाही' हे तिला यापूर्वी कधी सांगितल्याचं आठवत नाही. ती गावी जायची तेव्हा मी कामात असायचो.

२ डिसें., मंगळ.
उत्तर नाही. फोटो नाही पाठवला. आज डबाच.

३ डिसें., बुध.
सकाळी दत्ता. उद्या सासूबाईंचा एक्स-रे, इथं शहरात, गंगापूर रोडच्या दवाखान्यात साडेदहाला. गाडी करून तिघं येतील, तिथून जेवायला आमच्याकडे इंदिरानगरला. "अक्का म्हणली, दाजींना सांग, भाकरी करून ठेवा. पिठलं मी येऊन टाकते."
"आणखी काही म्हणाली?"
"नाय."
"मेसेजचं वगैरे?"
"कसला मेसेज? तुमचं भांडण झालंय का दाजी? दोन दिवस झाले, ती पण धड बोलंना."
"भांडण नाही."
"मग तिलाच विचारा ना काय ते."
विचारलं नाही. उद्या येतेच आहे.
हाड जुळलं असेल तर डॉक्टर वॉकर सोडायला सांगतील, असा दत्ताचा अंदाज. सासूबाई आताच अंगणापर्यंत एकट्या जातात म्हणे. तसं झालं तर सु.ला तिथं राहायचं कारण उरत नाही, तिची स्वतःची इच्छा सोडली तर. इतके दिवस ते ऑपरेशन मधे होतं, ते बरं होतं असं आज वाटतंय.
चार माणसं, सात भाकऱ्या पुरतील. सव्वाबाराला पहिली तव्यावर. पिठल्याला बेसन आहे, कोथिंबीर आणायची. कपाटातल्या तिच्या कप्प्यात ठेवलेले माझे कागद आज काढून ठेवले.
जेवण, सासूबाईंची थोडी झोप, मग चारला गाडी परत निघणार. जाताना गाडीत दोघं असतील की तिघं, हे दत्तालाही माहीत नाही.